पहिली रिंग

“अध्यक्षांची धार गेली,” दातांचा डॉक्टर उठून म्हणाला. “आपला सगळ्यात चांगला विंगर मोठ्या क्लबनं मागितला, आणि यांनी पहिल्याच बोलीला देऊन टाकला. ना घासाघीस, ना काही. अहो, भाजी घेतानासुद्धा माणूस एकदा नाही म्हणतो!”

फुटबॉल मैदानाच्या स्टँडखालच्या त्या बुटक्या खोलीत हशा पिकला. ओल्या बुटांचा आणि मलमाचा वास कोंडला होता, खुर्च्या कमी पडल्या म्हणून निम्मे सभासद भिंतीला टेकून उभे होते. सभा एकाच कामासाठी बोलावली होती. अध्यक्षांना ठेवायचं की घरी पाठवायचं.

खजिनदार हसला नाही. त्याचं मत घरून निघतानाच ठरलं होतं. घरी पाठवायचं. कारण मात्र डॉक्टरच्या कारणाच्या बरोब्बर उलटं.

अध्यक्ष काही साधासुधा सौदेबाज नव्हता. बुडालेला क्लब त्यानंच वर काढला. स्टँडचं छप्पर गळायचं थांबलं, खेळाडूंचे पगार वेळेवर व्हायला लागले, आणि हे सगळं एका सवयीच्या जोरावर. पहिला फोन उचलायचाच नाही! मोठ्या क्लबचं नाव झळकलं की हा पठ्ठ्या फोन टेबलावर पालथा घालायचा आणि निवांत चहा ओतून घ्यायचा. “पुन्हा करतील. गरज त्यांना आहे.” आणि करायचेच. बोली वाढवूनच करायचे. शेजारी बसलेला खजिनदार गालातल्या गालात हसायचा. लहानपणापासूनचा दोस्त तो, अभिमान वाटायचा त्याचा.

मागच्या वर्षी, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दुपारी फोन आला तो गोलकीपरसाठी. गोलकीपर म्हणजे खजिनदाराचाच मुलगा. अध्यक्षानं फोन पालथा घातला. चहा ओतला. चहा निवला. शेवटी यानंच फोन लावला, तर तिकडे दुसऱ्याच गोलकीपरची सही होऊन गेलेली. “पुढच्या वर्षी याच्या दुप्पट देऊन नेतील बघ,” अध्यक्ष म्हणाला होता. पण हिवाळ्यात, चिखलातल्या एका फालतू सामन्यात, पोराचा गुडघा गेला तो कायमचा. तेव्हापासून खजिनदार अध्यक्षाशी कामापुरतं बोलायचा, आणि तेही ‘तुम्ही’ म्हणून. आत्ताही मुलगा बाहेर गाडीतच बसला होता. या खोलीच्या पायऱ्या त्याला उतरवत नाहीत.

“काहीतरी बोला की,” भिंतीजवळून शिंपी म्हणाला. “गप्प बसून भाव वाढवायची खोड आमच्यापुढे चालायची नाही.”

अध्यक्ष उठला. वर्षभरात माणूस पार उतरला होता.

“काय बोलू? त्यांचा फोन आला. मी उचलला.”

“अहो, पण का उचललात?”

“आला म्हणून.”

“झालं! क्लबचं कल्याण!” कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसू फुटलं.

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. वाजला म्हणेपर्यंत अध्यक्षानं झडप घातली. समोरचा पाण्याचा पेला लवंडला, तिकडे लक्षही नाही. “हॅलो! हो, हो, मीच बोलतोय, बोला!”

मैदानाचा माळी होता. गवत कापायचं यंत्र कुठे ठेवू, असं विचारत होता.

आता मात्र खोली गडगडून हसली. खजिनदार अध्यक्षाच्या हाताकडे पाहत होता. फोन खाली ठेवला तरी हात त्याच्यावरून निघाला नव्हता. म्हणजे पोराचा गुडघा गेल्यापासून हा असा जगतोय. कुणाचाही फोन येवो, दुसरी रिंग होऊ द्यायची याची छाती नाही. याला शिक्षा करायला आपण आलो होतो, आणि याची शिक्षा तर केव्हाचीच सुरू झाली होती.

तो उठला. “विंगरला खेळवतात का तिकडे?”

“खेळवतात,” अध्यक्ष म्हणाला. “पहिल्याच सामन्यात उतरवला.”

“पाय बरे आहेत त्याचे?”

“ठणठणीत.”

खजिनदार खाली बसला. हा काय प्रश्न झाला, असं म्हणून डॉक्टरनं मत घ्यायला सांगितलं. अध्यक्षांना ठेवावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. सगळ्या खोलीत एकच हात वर झाला.

“तुम्ही?” डॉक्टर थक्क झाला. “अहो, तुमच्याच पोराचं यांनी...” पुढचं त्यानं गिळलं.

लोक पांगले. अध्यक्षानं क्लबच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, सांडलेलं पाणी रुमालानं पुसलं, आणि तो दाराशी आला. खजिनदार तिथेच थांबला होता.

“माझ्यासाठी कशाला हात वर केलास?”

“पहिल्या रिंगला उचललास ना,” खजिनदार म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडून ‘तू’ निघालं, आणि त्याच्यामागोमाग सगळंच निघालं. “एक वर्ष आधी उचलायचा होतास रे! एकच वर्ष आधी!”

तो भिंतीला कपाळ टेकून ओक्साबोक्शी रडायला लागला. अध्यक्षानं त्याच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला, पण मध्येच आवरला.

खजिनदाराच्या खिशातला फोन वाजला. त्यानं काढून पाहिला. बाहेर गाडीत ताटकळलेल्या पोराचा होता. या असल्या आवाजात काय बोलणार? त्यानं फोन तसाच मुठीत धरून ठेवला.

“उचल,” अध्यक्ष म्हणाला. “अरे, उचल लवकर. वाजत नको ठेवूस.”