आठ दिवसांत आजोबा

गिरण्यांच्या शहरात नाहीशा झालेल्या आजोबांचा माग काढायला घड्याळजींनी वंशावळ शोधून देणाऱ्या बाईंना नेमलं. अशा कामाला सहा महिने लागतात म्हणे, आणि बाई आठव्याच दिवशी कागद घेऊन दुकानात हजर. घड्याळजींच्या मनात पाल चुकचुकली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी गिरणीच्या जुन्या हजेरीपटाची नक्कल निरखली. आजोबांचं नाव, गाव, अंगठा, सगळं जागच्या जागी होतं. “इतक्या लवकर? बाई, मला बनवताय का?” “नाही हो. ही वंशावळ मी गेल्याच वर्षी काढलीय, दुसऱ्या घरासाठी.” बाई अवघडून म्हणाल्या, “आजोबांनी तिथं दुसरं लग्न केलं होतं. त्यांची तिकडची नात तुम्हाला शोधतेय. तुम्ही हो म्हणालात तरच तिला कळवेन.” घड्याळजींनी भिंग उतरवलं. आजी मरेपर्यंत पोस्टमनची वाट बघत होती. त्यांनी विचारलं, “माझ्याहून मोठी की धाकटी?”