कोरडी त्वचा

कैलाशने तोंड धुऊन अर्धा तास झाला, तेव्हा हर्षाने टिपकागदाची एक पट्टी त्याच्या कपाळावर दाबली, एक नाकावर आणि दोन गालांवर. लाखनीला हायवेवरच्या भय्याजींच्या दुकानात पुरुषांच्या फेसवॉश-क्रीमचं वेगळं काउंटर निघालं होतं. नागपूरला दोन दिवस शिकून आलेली हर्षा तिथे गिऱ्हाइकाची त्वचा तपासून द्यायची. तेलकट, कोरडी, मिश्र की नाजूक, ते सांगायची आणि त्याप्रमाणे बाटली काढायची.

"रविवारी पोरगी पाहाले जायचं हाय," कैलाश आरशात पाहत म्हणाला. "मागच्या दोघींनी नाही म्हटलं. वावरात राबून चेहरा असा झाला. काही चांगलं द्या, मॅडम."

हर्षाने पट्ट्या काढल्या. कपाळाची आणि नाकाची तेलाने पारदर्शक झाली होती. उजव्या गालाची थोडीशी. डाव्या गालाची मात्र कानापासून जबड्यापर्यंत कोरडी ठाक. तिने त्याचा चेहरा ट्यूबलाइटकडे वळवला. तिथे एक फिकट, तांबूस चट्टा होता. बाकी गालभर दाढीचे खुंट, चट्ट्यावर चार-दोनच केस.

"हे कधीपासून हाय, दादा?"

"असंल वर्षभर. उन्हानं झालं. खाजत नाही, दुखत नाही."

हर्षाने कापूस घेतला. "डोळे मिटा. जिथं लागंल तिथं बोट ठेवा."

कपाळाला कापूस लागताच त्याने बोट ठेवलं. मग हनुवटीवर, उजव्या गालावर. चट्ट्यावर तिने दोनदा कापूस फिरवला. कैलाश डोळे मिटून स्वस्थ बसलेला.

"लावा ना," तो म्हणाला.

मिश्र त्वचा आहे असं सांगून तिला तीन बाटल्या विकता आल्या असत्या. ती वाकली, कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलली. "क्रीम नका घेऊ, दादा. सरकारी दवाखान्यात दाखवा. काही नसंल बी. पण असलं तर गोळ्या फुकट भेटतात, पूर्ण बरं होते. उशीर नका करू."

"कायच्या गोळ्या?"

हर्षाने नुसतं त्या चट्ट्याकडे बोट केलं. कैलाशला समजायला क्षणभर लागला.

"महारोग म्हणून राहिली का तू मले?" पावडर पाहणाऱ्या दोन बायांनी वळून पाहिलं. "तू काय डॉक्टर हायेस? तुले काय समजते?"

"माह्या बाबाले होता," हर्षा म्हणाली. "मी पाचवीत होती. वर्षभर गोळ्या खाल्ल्या, आता काहीच नाही. आमी उशीर केला म्हणून दोन बोटं तेवढी वाकडी राहिली."

लाखनीत हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याला खरं वाटावं म्हणून सांगितलं.

कैलाश तिच्या हाताकडे पाहत राहिला. मग उठला आणि शर्टाच्या बाहीने त्याने सगळा चेहरा खसाखसा पुसला. "भय्याजी, असे लोक ठेवता दुकानात? गिऱ्हाइकाच्या तोंडाले हात लावाले?"

तो गेला. बायांनी पावडरचा डबा जागेवर ठेवला आणि त्याही गेल्या. भय्याजी रागावले नाहीत. काउंटरवरच्या उघड्या ट्यूबा त्यांनी एकेक करून पिशवीत टाकल्या आणि पिशवीला गाठ मारली.

"तो रोग असा नाही लागत, भय्याजी. बाबा तर कधीचाच बरा झाला."

"मले समजते, पोरी. पण आता तुह्यासमोर कोण बसंल? घरी जाय. उद्यापासून येऊ नको."

"मग त्याले सांगाले नव्हतं पाहिजे का मी?"

भय्याजींनी पिशवी उचलली आणि ते मागच्या दाराकडे गेले.

हर्षा आपला जेवणाचा डबा घेऊन बाहेर आली. ट्रकांची रांग सरली तेव्हा रस्त्यापलीकडच्या दुकानात, काचेआड तिला कैलाश दिसला. तो खुर्चीत बसला होता आणि तिथली क्रीम विकणारी टीना त्याच्या चेहऱ्याला काहीतरी लावत होती. एकदा शांतपणे पुन्हा सांगून पाहावं म्हणून हर्षा रस्ता ओलांडून गेली. ती पायरीवर चढली तोच कैलाशने तिला आरशात पाहिलं.

"मॅडम, सांगा हिले," तो टीनाला मोठ्याने म्हणाला. "कशी हाय माही त्वचा?"

"कोरडी आहे, दुसरं काही नाही." टीना कानापासून जबड्यापर्यंत पांढरी क्रीम चोळत होती. "आठ दिवसांत डाग जाईल. फक्त सुरुवातीला जरा झोंबेल हं."

कैलाशने मान ताठ केली आणि हर्षाकडे पाहून जिंकल्यासारखा हसला.

"घासा अजून," तो म्हणाला. "मले तर काहीच झोंबून नाही राहिलं."