ताई का आली नाही

"ही थोरली बहीण आली का नाही?" ज्ञानेश्वर सरांनी विचारलं.

जुन्नरच्या एका वाचनालयाच्या माडीवर रविवारचा कथालेखनाचा वर्ग भरला होता. वृषालीनं आपली गोष्ट नुकतीच वाचून संपवली होती. गोष्टीत आई वारते, गाव जमतं, धाकटी लेक आईच्या तोंडात पाणी घालते. थोरली मात्र तासाभराच्या वाटेवर राहत असून फिरकत नाही. गोष्ट खरी होती, आपलीच होती, हे वृषालीनं वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं.

"ती तशीच आहे सर," ती म्हणाली. "स्वार्थी."

बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, बहिणीला काढूनच टाका, गोष्ट आईची आहे. कॉलेजातल्या एका मुलीनं सुचवलं, उलट बहिणीलाच पुढं आणा, आईचं थोडं कमी करा. मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, बहिणीचा भाऊ करा, जास्त पटेल. वृषाली प्रत्येकाला मान डोलावत राहिली.

सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आईचा भाग मनाला भिडला. तुमचा हात चांगला आहे, लिहिणं सोडू नका. पण बहिणीला तुम्ही एक वाक्यसुद्धा बोलू दिलेलं नाही. जो चुकतो, त्याच्या लेखी त्याचं बरोबरच असतं. तिचं म्हणणं काय होतं ते शोधा, आणि तिच्या तोंडून लिहा."

तो आठवडा वृषालीचा डोकं धरण्यात गेला. पोळ्या लाटताना, लेकाला, शौर्यला, शाळेत सोडताना ती बहिणीला कारणं शोधत होती. बहीण आजारी होती, असं लिहिलं आणि खोडलं. नवऱ्यानं येऊ दिलं नाही, असं लिहिलं. ते तर वाचवेना, कारण बहिणीच्या नवऱ्यानं, पारस भावजींनी, कधी कुणाला अडवल्याचं ऐकिवात नव्हतं. निरोपच पोचला नाही, हेही करून पाहिलं. सगळीच कारणं खोटी वाटत होती. शिवाय कोणतंही कारण घातलं की बहीण थोडी सुटत होती, आणि तिला सोडायचं वृषालीच्या मनात नव्हतं. मग आपल्याला नक्की लिहायचंय काय, हेच तिला कळेना.

"गोष्टीतल्या बाईला काय विचारत बसलीस?" आदेश जेवता जेवता म्हणाला. "खरीला विचार की."

नवऱ्याचं हे बोलणं तिनं हसण्यावारी नेलं. पण दुपारी शौर्य झोपल्यावर तिनं फोन हातात घेतला. समृद्धीताईनं मंचरच्या पारसशी, एका मारवाडी कापडवाल्याच्या मुलाशी, घरच्यांना न विचारता लग्न केलं होतं. वडिलांनी, आबांनी, तिचं नाव टाकलं. आई गेल्यावर वृषालीनंही टाकलं. वृषालीच्या लग्नानंतर ताईचे फोन येत होते, ते तिनं उचलले नाहीत. मग तेही थांबले.

"वृषे?" पलीकडून आवाज आला. "सगळं बरंय ना?"

"बरंय." वृषालीनं गोष्टीचे कागद मांडीवर ओढले. "मी गोष्ट लिहितेय. त्यासाठी एक विचारायचं व्हतं. आई गेली तेव्हा तू का नाय आलीस?"

पलीकडं पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"आले व्हते की," ताई म्हणाली.

"कुठं आलेलीस? मी तिथंच व्हते दिवसभर!"

"खोडदला. आपल्या गावाच्या अलीकडं त्या आभाळ बघायच्या मोठ्या दुर्बिणीचं तारेचं कुंपण हाय ना, तिथवर. आबांना कुणीतरी सांगितलं, तसे ते पळत आले. अनवाणी. तुझी सुपारी नुकतीच फुटली व्हती. तुझ्या सासरचे ओसरीवर बसलेले. थोरली लांब नांदते, एवढंच आबांनी त्यांना सांगितलं व्हतं. म्हणाले, तू आत आलीस की सगळं बाहेर येईल, धाकटीचं मोडेल. मी म्हणलं, नुसतं तोंड बघते आईचं, लगेच जाते. तर ते माझ्या पाया पडायला वाकले गं. आबा. माझ्या."

"आणि तू?" वृषालीनं विचारलं.

"मग मी तिथंच कुंपणाला धरून उभी राहिले. नदीवरचा धूर दिसला, तवा माघारी फिरले."

"सांगितलं का नाय मला कधी?"

"सांगायला तू फोन उचललास कुठं? नातलगांत मात्र सगळ्यांना म्हणत फिरलीस, ताई आली नाय, ताई आली नाय. का आली नाय, हे आज पयल्यांदा विचारलंस."

आतल्या खोलीत शौर्य कूस बदलून पुन्हा झोपला. वृषालीच्या मांडीवर गोष्टीचे कागद होते. थोरलीच्या नावानं केलेला सगळा राग, रेखीव अक्षरात. तिनं ते उचलून पालथे ठेवले.

ताईनं नाक ओढलं. मग जरा हसून, भीत भीत विचारलं, "काय लिवलंयस गं माझ्याबद्दल?"

"अजून काहीच नाय, ताई," वृषाली म्हणाली. "तू सांग."