चार ताटं

संजीवनीनं मळ्यातल्या घराच्या पडवीत चार ताटं मांडली, तेव्हा तिकडं गावातल्या घरापुढं मांडव उभा राहिला होता. मांडवात संध्याकाळी पाचशे माणूस जेवणार होतं. ज्याच्यासाठी हे जेवण, तो तिचा नवरा सोपान मात्र इथं वरकुट्याच्या मळ्यात, पहिल्या ताटावर मान खाली घालून बसला होता.

भिगवणजवळ मोटारसायकल घसरून त्याच्या डोक्याला मार लागला होता. बारामतीच्या दवाखान्यात चाळीस दिवस काढून चार दिवसांपूर्वीच तो घरी आला. "पोरगं चालत घरी येऊ दे, गावाला जेवण घालीन," असा नवस त्याची आई चंद्राबाई भैरोबाला बोलली होती. त्याच्या थोरल्या भावानं, जयवंतानं, गावभर सांगावा धाडला, आणि संजीवनी अडून बसली. ते मांडवात यायचे नाहीत, आम्ही मळ्यातच दोन घास खाऊ, एवढंच म्हणाली. का, ते काही केल्या सांगेना. सून चिकट निघाली, असं गाव म्हणालं. गावातल्या घरी राहणाऱ्या चंद्राबाईनं तीन दिवसांपासून दोघांशी बोलणंच टाकलं.

"या महिपती तात्या," संजीवनी दारातूनच मोठ्यानं म्हणाली.

शेजारच्या मळ्यातले महिपती तात्या आत आले. अपघात झाला त्या दिवशी यांनीच सोपानला आपल्या पिकअपमध्ये घालून बारामती गाठली होती. सोपाननं मान वर केली.

"तात्या, तुमी नसता तर मी आज हितं नसतो."

"मी कोण? तुझी दोरी बळकट," तात्या म्हणाले.

"राजेश्वरी वन्सं पण आल्या बघा भवानीनगरहून," संजीवनी पुन्हा मोठ्यानं म्हणाली. बहीण भावाशेजारी बसली. त्याचा हात तिनं हातात घेतला.

पिठलं, गरम भाकरी, ठेचा आणि शेवयांची खीर. लहानपणी दोघांनी मिळून कॅनॉलमध्ये तात्यांची चप्पल कशी सोडून दिली, ते राजेश्वरीनं सांगितलं. सोपान पोट धरून हसला. चुलीपाशी संजीवनीचा भाकरी थापणारा हात क्षणभर थांबला. दवाखान्यातून आल्यापासून तो असा हसला नव्हता.

बाहेर जीप थांबली.

संजीवनी पिठाच्या हातानं तशीच धावली. पण चंद्राबाई तोवर पडवी चढून आली होती. अंगावर कोरं लुगडं, डोक्यावरून पदर. पोराला मांडवात न्यायला ती स्वतः आली होती. ओठ मात्र घट्ट मिटलेले. ती लेकासमोर येऊन उभी राहिली.

सोपाननं हातातला घास ताटात ठेवला आणि अंग चोरून शेजारी जागा केली.

"या मावशी, बसा की. जेवून जा."

राजेश्वरीला थट्टा वाटली. पण तो थट्टा करत नव्हता. दारी आलेल्या अनोळखी बाईकडं बघावं, तसा अदबीनं तो आईकडं बघत होता. महिपती तात्यांनी मान खाली घातली.

चंद्राबाईनं सुनेकडं पाहिलं. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"कवापासनं?"

आवाज ऐकला आणि सोपानचा चेहरा उतरला. "आई?"

"शुद्धीवर आल्यापासनं," संजीवनी म्हणाली. "तोंडं वळखू येत न्हाईत, आत्याबाई. आवाज आला की वळखत्यात. डॉक्टर म्हणत्यात, हळूहळू फरक पडंल. गाव येडा म्हणंल, कुणाला सांगू नको, अशी शपथ घातलीया यांनी मला."

"पाचशे तोंडं," चंद्राबाई स्वतःशीच म्हणाली.

बाहेर जयवंतानं हॉर्न वाजवला. थोडं थांबून परत वाजवला.

चंद्राबाई खाली बसली. लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. "मी हाय रं. जेव तू," म्हणाली. मग संजीवनीच्या रिकाम्या ताटाकडं बघून तिनं सुनेचा पिठाचा हात धरला आणि तिलाही खाली बसवलं.

तिसरा हॉर्न वाजला.

"जयवंता," चंद्राबाईनं बसल्या जागेवरून हाक दिली, "गाव मांडवात जेवंल. तू गाडी बंद कर अन् आत ये. आणि आत आल्या आल्या आधी तुझं नाव सांग."