नऊ वाजून आठ मिनिटांची रेघ

"गुरुजी, जमीन हालली का नाई, ते तुमची मशीन सांगते ना? मंग सांगा, आज माह्या इहिरीजवळ सुरुंग फुटला का नाई?"

जमुनाबाई शाळेच्या दारात उभ्या होत्या. रविवारची दुपार. सकाळी त्या मोर्शीला बहिणीकडे गेल्या होत्या. परतल्या तेव्हा विहिरीचा दगडी बांध एका अंगाने कोसळलेला आणि पाणी तळाला गेलेलं. तीनशे संत्र्याची झाडं त्या एका विहिरीवर उभी होती, आणि यंदा पावसाने ओढ दिली होती.

शेजारचं शेत शेषरावांचं. त्यांची विहीर महिन्यापूर्वीच आटली होती. सुरुंग लावून ती खोल करायची परवानगी त्यांना मिळाली नव्हती. आता ते म्हणत होते, "बांध जुना होता, आपोआप खचला."

नारायण गुरुजींनी कोपऱ्यातली खोली उघडली. निवृत्तीनंतर मुलांना हाताशी घेऊन त्यांनी इथे एक भूकंपमापक जोडला होता. लांब स्प्रिंग, तिच्या टोकाला चुंबक, आणि फिरत्या डब्यावर गुंडाळलेल्या कागदावर रेघ ओढणारं पेन. कागद बदलायचं काम सातवीतल्या प्रणालीचं. निरोप मिळताच ती धावत आली होती.

तिने कागद सोडवून टेबलावर पसरला. रविवारी शाळेत धावाधाव नसते, म्हणून रेघ सरळ होती. एका जागी मात्र पेन एकदम वर उडालं होतं आणि मग थरथरत राहिलं होतं.

"गुरुजी, पहिली उडी वर आहे."

"वर म्हंजे?" जमुनाबाईंनी विचारलं.

गुरुजी खुर्चीवर टेकले. कोणी 'म्हणजे काय' विचारलं की त्यांना घाई करवत नसे.

"भूकंपात जमीन सरकते. पहिला धक्का कुठे वर बसतो, कुठे खाली. स्फोट मात्र चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून पहिली उडी वरच. जग याच खुणेवर लक्ष ठेवून असतं, जमुनाबाई. अणुबॉम्ब आणखी पसरू नयेत, कोणी फोडून बघू नयेत, असं बहुतेक देशांनी ठरवलं. पण नुसत्या शब्दावर कोण विसंबणार? म्हणून तीनशेहून जास्त ठाणी पहारा देत बसली आहेत. डोंगराच्या पोटात केलेलंही लपत नाही."

"मंग इहिरीतलं काय लपते!"

शेषरावांना बोलावणं गेलं. ते हसतच आले.

"या खेळण्यावर मले गुन्हेगार ठरवून राहिले काय, गुरुजी? माही म्हैस धप्पकन बसली तरी हालत असंन हे!"

"म्हैस बसली तर खाली जाईल, काका," प्रणाली म्हणाली. "हे वर गेलंय. बघा ना."

शेषराव वाकले. बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"बाप्पा," ते पुटपुटले. "जमिनीनं इथपर्यंत येऊन सांगितलं?"

"म्हंजे तुमीच!" जमुनाबाई कडाडल्या.

"हाव, वहिनी. एकच भोक मारलं होतं. साडेदहाची एस.टी. गेल्यावर, रस्त्यावर कोनी नसतांना. माही झाडं वाळून राहिली होती. तुमच्या बांधाले धक्का लागंन, असं खरंच वाटलं नाई." त्यांनी मान खाली घातली. "माह्या इहिरीले झरा लागला. अर्धं पानी तुमचं. बांध मीच बांधून देतो."

"अर्धं नाई. पहिले माह्या झाडाईले, मंग तुमच्या."

"बरं, वहिनी. पहिले तुमच्या."

दोघं बाहेर पडली. दारातून मागे वळून शेषरावांनी यंत्राला हात जोडले.

प्रणाली अजून कागदावर वाकलेली होती. कडेला छापलेल्या तासांच्या खुणांवरून तिचं बोट सरकत होतं.

"गुरुजी, साडेदहाला रेघ सरळ आहे."

"असं कसं?"

"उडी नऊ वाजून आठ मिनिटांवर आहे. त्यानंतर काहीच नाही."

गुरुजींनी चष्मा लावला. दहा, साडेदहा, अकरा. पट्टीने आखल्यासारखी रेघ. शेषरावांचा एका भोकाचा सुरुंग शेतातून इथवर येईपर्यंत विरून गेला होता; या स्प्रिंगला तो जाणवलासुद्धा नव्हता.

"घड्याळ चुकलं असेल का?"

"कालच लावलंय."

समोरच्या टपरीवरचा किशोर चहाचे ग्लास घेऊन आत आला. "गुरुजी, टीव्ही पायला का? त्या तिकडच्या देशानं डोंगराखाली अणुबॉम्ब फोडला म्हन्ते! सारे देश चिडले. आज सकाळी, आपल्या घड्याळात बरोबर नऊ वाजता."

गुरुजी उठले. त्यांनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली घेतला आणि मोर्शीपासून त्या देशापर्यंत दोरा ताणला.

"पाच हजार दोनशे किलोमीटर," ते म्हणाले. "पृथ्वीच्या पोटातून धक्का सेकंदाला साधारण दहा किलोमीटर पळतो."

प्रणालीने मनातल्या मनात भागाकार केला. मग कागदावरचं बोट तिने अलगद उचललं.

"आठ मिनिटं," ती म्हणाली. "आणि चाळीस सेकंद."