रिकामी ट्रॉली

मॉलचं दार माणसाचं शरीर तपासायचं आणि पुढच्या महिनाभरात त्याला लागणाऱ्या वस्तू आपोआप त्याच्या ट्रॉलीत येऊन पडायच्या. वसुधाची ट्रॉली नेहमीसारखी भरली. तिचा नवरा मुकुंद मात्र रिकामी ट्रॉली ढकलत सगळे मजले फिरला.

"यंत्र बिघडलंय," तो हसला.

वसुधाने काउंटरवरच्या बाईंना विचारलं. पडद्याकडे बघताच त्यांचा चेहरा उतरला. "यंत्र ठीक आहे, ताई. साहेबांना... काहीच लागणार नाही म्हणतंय."

सामान तिथेच टाकून वसुधाने मुकुंदला ओढतच रिक्षात बसवलं आणि हॉस्पिटलकडे घ्यायला सांगितलं.

"अगं, मला काय झालंय?" तो कुरकुरला. पण सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा हळूच म्हणाला, "सकाळपासून छातीत दुखतंय. तुला घाबरवायचं नव्हतं."

"दादा, सिग्नल तोडा!" वसुधा किंचाळली.