खाणीकडचं वळण

“चल, निघ आता,” सायकल क्लबाचा म्होरक्या डंकन म्हणाला. “म्हातारा येईल आपला आपण.”

हॅटी खाणीकडच्या वळणावर सायकलवरून एक पाय टेकून उभी होती, डावा हात लांब करून. रविवारच्या राइडला क्लबात नियम एकच. वळण आलं की एकाने तिथे थांबायचं, हाताने वाट दाखवायची आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत कोपरा सोडायचा नाही. आज तिची पाळी होती. बाकी सगळे वळून पुढे थांबले होते. एकटा विल्फ अजून खाली चढावर कुठेतरी. विल्फला सत्त्याहत्तर वर्षं झालेली, शेवटचा नेहमी तोच असायचा.

“पाचच मिनिटं,” हॅटी म्हणाली.

“पाच मिनिटं, प्रत्येक वळणावर. गुरं हाकायला आलोय का आपण?” मागे दोघंतिघं फिदीफिदी हसले. “पन्नास वर्षं याच रस्त्यांवर सायकल मारतोय तो, हरवतो कसला. आणि ऐक, मायोर्काला मी सहाच जण नेणारे. कोपऱ्यावर गोठत बसणारे नकोत मला.”

मायोर्का. स्पेनचं बेट, आठ दिवस, ऊन, कोरडे रस्ते. त्याच्यासाठीच तर तिने अख्खा हिवाळा इंग्लंडातल्या यॉर्कशरचा हा गारठा खाल्ला होता. हॅटीने खाली बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तिने हात खाली घेतला आणि निघाली.

पुढचे चार मैल ती डंकनच्या मागच्या चाकाला चिकटून होती. हा माणूस मडगार्ड लावत नाही, वजन वाढतं म्हणे. गोठ्यांपुढचा सगळा शेणाचा राडा त्याच्या चाकावरून उडून सरळ तिच्या तोंडावर. दातांत कचकच, जिभेवर ती चव. आणि डोळ्यांसमोर सगळा वेळ त्याची पाठ. जर्सीच्या पाठीवर क्लबाचं वाक्य छापलेलं: मागे कोणी राहत नाही. शेणाने माखलं होतं, तरी वाचता येत होतं.

मॉरीनच्या कॅफेत शिरल्या शिरल्या सगळ्यांनी ओले मोजे हीटरवर टाकले. आंबूस वास सुटला. मॉरीनने चहाची किटली आणली, फ्रूट केक आणि चीज आणलं आणि न सांगताच विल्फचा मनुकांचा पाव भाजून आणला, वर लोणी चोपडून.

“विल्फ कुठाय?”

“येतोय मागून,” डंकन म्हणाला आणि ती बशी स्वतःकडे ओढली. “गार होईल उगाच.” लोणी दाढीतून ओघळलं. त्याने ते बोटाने गोळा केलं, बोट चाटलं. मग टेबलावरच्या पिपा नावाच्या मुलीने विल्फची नक्कल केली, नाक हातमोज्याला पुसत, दम्यासारखं घरघरत. टेबल हसलं. हॅटीही हसली. आपलंच ते हसणं तिने आपल्या कानांनी ऐकलं.

नोव्हेंबरात तिची पहिली राइड होती. तेव्हा शेवटची तीच. बर्फ भुरभुरत होता आणि रडत, सायकल ढकलत ती वर पोचली तर कोपऱ्यावर विल्फ उभा. चाळीस मिनिटं. “चहा गार होतोय तुझा,” एवढंच म्हणाला होता.

एक तास झाला. विल्फ आला नाही. त्या दरीत फोनला रेंज नसते.

“घरी गेला असेल,” डंकन म्हणाला. “वय झालं की माणसाला स्वतःला कळायला पाहिजे ना.”

 हॅटीने तोंडातला केक कागदी रुमालात थुंकला आणि हेल्मेट उचललं.

“आत्ता गेलीस तर मायोर्का विसर.”

“दाढी पूस,” हॅटी म्हणाली.

परतीचे चार मैल ती प्रत्येक चरात डोकावत गेली. गारा सुरू झाल्या होत्या. दर वेळी काही काळं दिसलं की ती उतरून बघायची आणि ते निघायचं खताचं पोतं नाहीतर मेलेली मेंढी. वळण आलं. हॅटीने ब्रेक दाबले.

दगडी भिंतीला सायकल टेकवून विल्फ कोपऱ्यावर उभा होता. डावा हात लांब केलेला. ओठ निळे पडलेले, नाकाच्या शेंड्यावर थेंब, हात मात्र खाली घेतलेला नाही.

“अगं, तू पुढच्या बाजूने कशी?” तो म्हणाला आणि मग स्वतःच मान डोलावली. “चुकलीस ना? खालच्या फाट्यावरून सरळ खाणीकडे गेलीस आणि लांबून फिरून आलीस. वाटलंच मला. तू नवीन, तुझीच काळजी होती.”

“विल्फ, तुम्ही इथे… कधीपासून?”

“दोन तास झाले असतील. मी वर आलो तर कोपरा रिकामा. म्हटलं, म्हणजे सगळे खालीच कुठेतरी वाट चुकलेत आणि मी पुढे निघालोय.” तो हसला, अगदी शाळकरी पोरासारखा. “पहिला आलो गं मी आज. किती वर्षांनी.”

“विल्फ, ऐका ना, तो कोपरा मी…”

“सांग नंतर. आधी जरा तू धर हात, माझा बधिर झालाय. बाकीचे यायचेत अजून.” त्याने तिचा दंड धरून तिला आपल्या जागेवर उभं केलं. “नाहीतर तूच सांग पोरी, आपल्यातलं कोणी कोपरा रिकामा सोडून जाईल का?”